जलविद्युत आणि कोरडे वर्ष

महोदय,
दुष्काळ म्हटला की पिके आणि पिण्याचे पाणी आठवते. विजेचा विचार दिवे गेल्यावरच होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात नद्या आटल्या आणि कारखाने बंद ठेवावे लागले. तिथली सुमारे ८० टक्के वीज पाण्यापासून तयार होते, त्यात उकाड्याने मागणीही वाढलेली! २०२४ मध्ये आफ्रिकेतला करिबा हा धरणाचा जलाशय खालावल्याने झांबियाचे विजेविना हाल झाले; इक्वेडोरमध्ये तर काही भागांत दिवसाला १४ तासांपर्यंत वीज नव्हती.

जलाशयाची पातळी उतरली की टर्बाइनसाठी पाणी कमी पडतेच, शिवाय पाणी पडण्याची उंची घटल्याने तेवढ्याच पाण्यातून वीजही कमी निघते. यावर आणखी धरणे बांधा, असा सल्ला काही जण देतात. पण एका खोऱ्यातली सगळी धरणे एकाच दुष्काळात सापडतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते. त्यापेक्षा दिवसा सौर वीज वापरून धरणातले पाणी संध्याकाळसाठी राखावे. आणि प्रकल्पाची क्षमता जाहीर करताना सर्वांत कोरड्या वर्षात किती वीज मिळेल, तो आकडाही छापावा.

– एक वाचक