नरकासुराचा नंबर

फोंडा, गोवा
दिवाळी पाडवा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

मी ठणठणीत आहे. त्या रात्री फोन लागला नाही म्हणून आजीने देव पाण्यात ठेवले म्हणे! तिला सांगा, पोर्तुगीज 1961 सालीच गेले, आता गोवा परमुलूख नाही, घाट उतरला की आलंच. (मग दिवाळीला का नाही आली, हे तिचं पुढचं वाक्य मला इथे ऐकू येतंय.) चकल्या पोचल्या. आंघोळीआधीच दोन खाल्ल्या. रडले वगैरे नाही.

फोन वाजलाही असेल, पण गाण्यांच्या दणदणाटात ऐकू आला नाही. इथे आपल्यासारखे किल्ले नाहीत, नरकासुर करतात. माडीएवढा उंच! सांगाडा, आत गवत, वर कागद, पोटात फटाके. पोरं त्यावर कित्येक रात्री खपतात, मग चतुर्दशीच्या आदल्या रात्री त्याच्यासमोर नाचतात, परीक्षक त्याला गुण देतात आणि पहाटे तो जाळून टाकतात. घरमालकीणकाकींना विचारलं, राक्षसाला कसलं बक्षीस? म्हणाल्या, "अगो, मारायचाच तर फालतू कशाला मारायचा?" मग आंघोळ, पायाखाली कारीट आणि पाच तऱ्हेचे पोहे. मला अजून नीट कळलेलं नाही.

तर आमच्या वाड्यावर 14 नरकासुर, आणि "तू कंपनीत एक्सेल करतेस ना" म्हणून मला लॅपटॉप देऊन बसवलं. बाबा, तुम्ही याद्यांचे आकडे खोडरबरने बदलता म्हणून सांगते. रँकचं सूत्र घालायचं, कंसात आधी त्या ओळीचे गुण, मग सगळ्यांच्या गुणांची पट्टी. नंबर आपोआप पडतो, गुण बदलले की तोही बदलतो. फक्त पट्टीला डॉलरचं चिन्ह लावायचं. मी घाईत विसरले. सूत्र खाली ओढलं तशी पट्टीही खाली घसरत गेली आणि शेवटच्या ओळीत तुलनेला तो एकटाच उरला. 41 गुणांचा, एक हात गळून पडलेला नरकासुर पहिला! माईकवाल्याने तोंड उघडलं होतं, मी त्याचा सदरा ओढला.

ते निस्तरलं तर 83 गुणांचे दोघे निघाले. एक्सेलने दोघांना 2 दिला आणि पुढच्याला थेट 4. तसंच असतं ते, पण "तिसरा कुठे गेला?" म्हणून गलका झाला. शेवटी बरोबरीत ज्याचा कृष्ण सरस तो वर, असं ठरलं. मी कृष्णाचे गुण हजाराने भागून मूळ गुणांत मिळवले. तेवढ्या चिमटीभर फरकाने भांडण मिटलं, तोवर उजाडत आलं होतं. एकटी नव्हते, काकी शेजारी खुर्चीवर घोरत होत्या.

या महिन्यात 9,000 पाठवलेत. बाराचं बोलले होते, पण स्कूटरचं काम निघालं. कौलं मात्र थांबवू नका, उरलेले देते. दादाला ओवाळायला येत नाही, त्याच्याशी मी बोलेन.

बाबा, सात स्थळांना नंबर लावून पाठव म्हणालात. गुण कशाला द्यायचे ते सांगितलं नाहीत. पगार घातला तर पुण्याचे वर येतात, आईचं मन घातलं तर आजऱ्याचे. मी आठवी ओळ घातली आहे. नाव तुळशीच्या लग्नाला येईन तेव्हा सांगते. तोवर आजीला काही बोलू नका.

तुमची,
सुमी