‘बॅटरी ओके’ लिहून विकलेल्या 2014 च्या हायब्रिड गाडीबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण विभाग,
वापरलेल्या गाड्यांची विक्री, पुणे

2 जून 2025

नमस्कार,

मी 22 फेब्रुवारीला तुमच्या पुण्याच्या शोरूममधून 2014 ची टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरच्या मोटर, दोन्हीवर चालणारी) घेतली, 6 लाख 85 हजाराला, मीटरवर 86 हजार 400 किलोमीटर. अडीच महिन्यांत तिची हायब्रिड बॅटरी गेली. फोनवर आत्तापर्यंत पाच वेळा बोलले, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून पाठवतेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करते, गाडी बनवणाऱ्या कंपनीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. 11 वर्षांची बॅटरी थकली तर ती थकणारच, त्यात कोणाचा दोष नाही. माझी तक्रार तुमच्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल आहे आणि त्या रिपोर्टच्या जोरावर मला जे सांगितलं गेलं त्याबद्दल आहे.

मी काही भावात स्वस्त मिळतेय म्हणून उडी मारलेली नाही. बाबांचे दोन्ही गुडघे बदललेत, दर शनिवारी मी पुण्याहून साताऱ्याला जाते आणि त्यांना घेऊन येते-जाते, त्यांना पाय लांब करून बसता येईल अशी मागची सीट पाहिजे होती आणि मला ऑटोमॅटिक. ही गाडी भारतात 2013 ला आली तेव्हा जवळपास 30 लाखांची होती, तेव्हा आम्ही तिच्याकडे बघितलंही नसतं. आता 7 लाखांच्या आत मिळतेय म्हटल्यावर मी महिनाभर नुसता हिशोब करत होते. एका बाजूला सगळं चांगलं दिसत होतं, क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, ब्रेक मारला की मोटरच गाडी हळू करते आणि चार्ज परत बॅटरीत जातो त्यामुळे ब्रेक पॅड लवकर झिजत नाहीत, आणि सिटीत एवढी मोठी गाडी 15-16 चं ॲव्हरेज देते. दुसऱ्या बाजूला एकच मोठा खर्च होता, बॅटरी. त्यात परत 2014 ची गाडी म्हणजे आरसी 2029 पर्यंतच, पुढे फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवावी लागणार. म्हणजे चार वर्षं राहिलेल्या गाडीत अडीच-तीन लाखांची बॅटरी टाकायची वेळ आली तर सगळं गणितच बसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

किलोमीटर कमी आहेत याचंही मला फार कौतुक नव्हतं, कारण या निकेल मेटल हायड्राइड बॅटरीला किलोमीटरपेक्षा वय आणि उष्णता जास्त खाते, आणि गाडी महिनोन्महिने बेसमेंटमध्ये उभी राहिली तर ते अजूनच वाईट. ही गाडी मुंबईत पहिल्या मालकाकडे बराच काळ उभीच होती असं तुमच्याच माणसाने सांगितलं, चांगली गोष्ट सांगतोय अशा आवाजात.

म्हणून मी 17 फेब्रुवारीला तुमच्या सेल्सच्या मुलाला व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहिलं, हायब्रिड बॅटरीची हेल्थ स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या मशीनवर) चेक करून रीडिंग पाठवा, मग टोकन देते. त्याचं उत्तर आलं, मॅडम रिपोर्टमध्ये बॅटरी ओके आहे, या गाड्यांना बॅटरीचं काही टेन्शन नसतं, लाईफटाइम चालते. सोबत तुमच्या तपासणीची पीडीएफ. पान 7 वर खरंच लिहिलेलं होतं, बॅटरी – कंडिशन गुड, आणि पुढे हिरवी टिक. मी टोकन भरलं. तेव्हा माझ्यासमोर एक 2016 ची साधी पेट्रोल ऑटोमॅटिकसुद्धा होती, 6 लाख 20 हजाराला, ती मी त्या हिरव्या टिकमुळे सोडली.

10 मे, शनिवार. बाबांना चेकअप करून परत साताऱ्याला सोडायला निघाले होते, दुपारचे दोन वाजलेले, ऊन मी म्हणत होतं. शिरवळपासूनच मागच्या सीटच्या बाजूने पंख्याचा घूं घूं आवाज यायला लागला होता, बाबा म्हणाले मागे काहीतरी ओरडतंय गं. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि स्क्रीनवरचं बॅटरीचं चार्जिंग भराभर खाली आलं, सहा काड्यांवरून दोनवर, मग एका वळणाच्या आत परत फुल्ल, मग परत दोन. पुढच्याच वळणावर ‘चेक हायब्रिड सिस्टिम’ आणि सगळे दिवे लागले. इंजिन नुसतं ओरडतंय पण गाडी ओढत नाही, एसीने गार हवा द्यायचं बंद केलं कारण या गाडीत एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा त्याच बॅटरीवर चालतो, मागे भरलेले ट्रक हॉर्न देतायत आणि माझे 74 वर्षांचे वडील मागे काच खाली करून रुमालाने तोंड पुसत बसलेत. कशीबशी कडेला घेतली. साताऱ्याहून भाऊ येईपर्यंत पावणेदोन तास आम्ही घाटात उभे होतो, बाबांना उठताबसता येत नाही म्हणून ते तेवढा वेळ गाडीतच बसून राहिले. त्या दिवशी काही बरं-वाईट झालं असतं तर मी हे पत्र असं शांतपणे लिहीत बसले नसते.

गाडी टो करून आणली. ज्यांना हायब्रिड कळतं अशा एका मेकॅनिक काकांकडे दाखवली, त्यांनी माझ्यासमोर स्कॅनर लावला. कोड आला पी0ए80, म्हणजे हायब्रिड बॅटरी पॅक बदला. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. या बॅटरीत 34 मॉड्यूल आहेत, एकेका मॉड्यूलमध्ये 6 सेल, सगळे मिळून 244.8 व्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलची जोडी करून 17 ब्लॉकचं व्होल्टेज सतत वाचत असतो. गाडीवर लोड टाकला, म्हणजे बॅटरीला जोर लावायला लावला, तेव्हा 15 ब्लॉक 14.8-14.9 व्होल्टला होते आणि दोन ब्लॉक 12.8 आणि 13.1 वर बसले होते. काका म्हणाले हे एका दिवसात झालेलं नाही ताई, हा फरक फेब्रुवारीतही लोडवर दिसला असता, स्कॅनर लावायला दहा मिनिटं लागतात.

नंतर त्यांनी मागच्या सीटजवळची जाळी काढली, जिथून बॅटरीला थंड हवा मिळते. आत करड्या रंगाचा जाड थर होता, कार्पेटचे धागे आणि कुत्र्याचे पांढरे केस एकमेकांत गुंतून बोटभर नमदा झालेला, त्यांनी चिमटीत धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात बाहेर आला. आमच्याकडे कुत्रा नाही. म्हणजे तो थर तुमच्या तपासणीच्या वेळीही तिथेच होता आणि बॅटरी कित्येक उन्हाळे तशीच गुदमरत चालली होती. तुमच्याकडे गाडीचं इंटिरियर ड्रायक्लीन करून दिलं होतं, सीटला वास येत होता शाम्पूचा, पण ही जाळी कोणी उघडलीच नव्हती.

आणि आता मुख्य मुद्दा. मी घरी येऊन तुमचा रिपोर्ट परत उघडला. पान 7, ‘बॅटरी – कंडिशन गुड’, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात रीडिंग लिहिलंय, 12.6 व्होल्ट. 244.8 व्होल्टच्या बॅटरीचं रीडिंग 12.6 येऊच शकत नाही. ही दुसरीच बॅटरी आहे, प्रत्येक गाडीत असते ती छोटी 12 व्होल्टची, जी काही हजारांत बदलून मिळते. म्हणजे मी विचारलं होतं त्या बॅटरीचं तुम्ही काही तपासलंच नव्हतं आणि छोट्या बॅटरीची टिक मला मोठ्या बॅटरीचं उत्तर म्हणून पाठवलीत. मला हे टोकन देण्याच्या आधी दिसायला पाहिजे होतं, पण मी आकडा नाही वाचला, हिरवी टिक वाचली, कारण मी विचारलेला प्रश्न आणि आलेलं उत्तर एकाच बॅटरीबद्दल आहे असं मी धरून चालले.

तुमच्याकडून आत्तापर्यंत आलेली उत्तरं अशी. पहिलं, तुमची 6 महिन्यांची वॉरंटी फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सला आहे, बॅटरी कंझ्युमेबल, म्हणजे झिजून बदलावी लागणारी वस्तू आहे. अहो, या गाडीत नेहमीसारखा गिअरबॉक्सच नाही, दोन मोटर आणि त्यांना इंजिनशी जोडणारे प्लॅनेटरी गिअर आहेत, त्या मोटर या बॅटरीवर चालतात आणि इंजिन सुरू करायचं कामही त्यातलीच एक मोटर करते. बॅटरी मेली की इंजिन आणि तुमचा तो गिअरबॉक्स दोन्ही असून नसल्यासारखे. वायपर आणि टायरच्या रांगेत तुम्ही या बॅटरीला बसवू शकत नाही. दुसरं उत्तर, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, रिपोर्ट विकणाऱ्याच्या वतीने आहे. तपासणी तुमच्या माणसाने केली, रिपोर्टवर लोगो तुमचा, पैसे तुमच्या खात्यात गेले. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून नियम आहे की अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची नोंद आरटीओकडे झाली की ती गाडी विकली जाईपर्यंत डीलरच तिचा मालक मानला जातो. तुम्ही अधिकृत डीलर असल्याचं सर्टिफिकेट तर शोरूमच्या भिंतीवर लावलंय.

तिसरं उत्तर जास्त लागलं, कोणीतरी म्हणालं मॅडम जुनी हायब्रिड घेताना एवढी रिस्क असतेच. असतेच ना, मी कुठे नाही म्हणतेय. रिस्क घ्यायला माझी तयारी होती, म्हणूनच मी रीडिंग मागितलं. दोन ब्लॉक कमजोर आहेत असं मला कळलं असतं तर मी दीड लाख कमी करून मागितले असते किंवा सरळ दुसरी गाडी घेतली असती, ते ठरवायचा हक्क माझा होता. चुकीचा कागद हातात देऊन तो तुम्ही काढून घेतलात.

सर्व्हिस सेंटरचं नवीन पॅकचं एस्टिमेट 2 लाख 90 हजार आहे, कॉपी जोडलीय. फक्त कमजोर मॉड्यूल बदलून 30 हजारांत भागवायचा पर्यायही काकांनी सांगितला, पण त्यांनीच पुढे सांगितलं की बाकीची मॉड्यूल त्याच वयाची आहेत, आज ही बदलली की पुढच्या उन्हाळ्यात दुसरी जातील. बाबांना घेऊन परत घाटात उभं राहायची माझी हिंमत नाही, त्यामुळे तुमच्या माणसानेही फोनवर सुचवलेला हा जुगाड मला चालणार नाही.

मला काय पाहिजे ते सरळ लिहिते. गाडी परत घ्या आणि 6 लाख 85 हजार, ट्रान्सफरचे आणि इन्शुरन्सचे पैसे परत करा. ते जमत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नवीन पॅक तुमच्या खर्चाने बसवून द्या, आणि टोइंगचे 6,500 रुपये. आणि तुमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये हायब्रिड गाड्यांसाठी वेगळी ओळ टाका, प्रत्येक ब्लॉकचं लोडवरचं रीडिंग आणि त्या जाळीचा फोटो, आणि याच फॉर्मवर आत्तापर्यंत ज्यांना हायब्रिड विकल्यात त्यांना फोन करून त्यांच्या गाड्या तपासून द्या. त्यातलं कोणीतरी आत्ता निवांत घाट चढत असेल.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, तुमची पीडीएफ, स्कॅनरचे फोटो आणि तो काढलेला थर एका पिशवीत सील करून ठेवलाय. गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. तुमचा इंजिनिअर पाठवायचा असेल तर 7 जूनला, शनिवारी सकाळी 10 नंतर पाठवा, स्कॅनर त्याने स्वतःचा आणावा, मी आणि मेकॅनिक काका दोघं हजर असू.

कळावे,
आपली ग्राहक
(बुकिंगची पावती, एस्टिमेट आणि रिपोर्टचं पान 7 सोबत जोडलं आहे)