ज्यांच्या ओळखीला अजून रकाना नाही, त्यांच्यासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमचा मदतगट छोटा आहे. लैंगिक कल, लिंगभाव (आपण बाई, पुरुष की आणखी कुणी, ही आतली जाणीव) किंवा शरीराची घडण यांपैकी कशातही चारचौघांहून वेगळं असणाऱ्या माणसांशी आम्ही मराठीतून बोलतो, संध्याकाळी फोनवर आणि महिन्याच्या बैठकीत. गे, लेस्बियन, ट्रान्सजेंडर हे शब्द आता बहुतेकांच्या कानांवरून गेले आहेत. या लोकांचे प्रश्न सुटलेत असं अजिबात नाही, पण कुणाकडे जायचं हे निदान शोधल्यावर सापडतं. आमच्याकडे येणारे बरेच जण त्याही पलीकडचे असतात. कुणाला आजवर कुणाचंच लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही. कुणाला वाटतं, पण मनाची जवळीक झाल्यावरच. कुणी प्रेमात पडत नाही आणि त्याचं त्याला दुःखही नाही. कुणी स्वतःला ना बाई मानतं ना पुरुष, तर कुणाची ही जाणीव काळानुसार बदलत राहते. एसेक्शुअल, डेमिसेक्शुअल, अरोमँटिक, एजेंडर, जेंडरफ्लुइड अशी या ओळखींची अनुक्रमे नावं आहेत. परिघावरचे लैंगिक कल, लिंगभाव आणि इंटरसेक्स लोक (म्हणजे ज्यांच्या शरीराची घडण जन्मतःच स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात बसत नाही असे) या सगळ्यांना एका छत्राखाली घेणारं 'मोगाई' हे आद्याक्षरांचं नाव २०१० नंतरच्या काही वर्षांत टम्बलर या समाजमाध्यमावर रुजलं.

ते सगळ्यांना आवडतं असंही नाही. त्याची भरपूर टिंगल झाली. अनेक इंटरसेक्स लोक म्हणतात, की आमचा प्रश्न शरीराचा आहे, आम्हाला न विचारता या यादीत घालू नका. त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं, म्हणून आम्ही हे नाव कुणालाही चिकटवत नाही. समोरचा स्वतःला जे म्हणेल ते. नावं वाढतच जातात हेही खरं, त्यातली काही थोड्याच दिवसांत कुणी वापरेनासं होतं. होऊ द्या की! नाव घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा नावाबद्दल बोलायला आलेलाच नसतो. घरचे लग्नासाठी मागे लागलेत, नवऱ्याला कसं सांगू, मला काही आजार तर नाही ना, हे त्याला किंवा तिला विचारायचं असतं.

'आजार तर नाही ना' हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका २०१३ मध्ये सुधारली गेली. जी व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल म्हणवते तिच्यावर कमी कामेच्छेच्या विकाराचं निदान लावायचं नाही, असं तिच्यात नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने लिंगभावातली विसंगती, म्हणजे जन्मतः ठरवलेलं लिंग आणि आतली जाणीव न जुळणं, मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. हा मानसिक आजार नाही, हे इतकं साधं वाक्य एखाद्याला फोनवर सांगितलं की पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही. मग पुन्हा विचारतात, नक्की ना?

दुसरा प्रश्न आम्हालाच विचारला जातो, कधीकधी गे-लेस्बियन मित्रांकडूनसुद्धा: हे सगळं इंटरनेटवरचं फॅड नाही का? नावं नवी आहेत, माणसं नाहीत. अमेरिकी लैंगिकता-संशोधक अल्फ्रेड किन्से यांनी १९४८ मध्ये लैंगिक कलाची ० (फक्त भिन्नलिंगी) ते ६ (फक्त समलिंगी) अशी मोजपट्टी मांडली, तेव्हा तिच्यावर कुठेच न बसणारे लोक त्यांना सापडलेच होते. त्यांना त्यांनी 'एक्स' या वेगळ्या गटात टाकलं आणि त्यांच्याकडे पुढे बराच काळ कुणी फारसं वळून पाहिलं नाही. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या १८ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीची आकडेवारी तपासली. आपल्याला कधीच कुणाचंही लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही, असं सुमारे १ टक्का लोकांनी सांगितलं होतं. डेव्हिड जे या अमेरिकी कार्यकर्त्याने एसेक्शुअल लोकांना एकत्र आणणारं जाळं २००१ मध्ये उभं केलं, तेव्हा कितीतरी जणांना आपल्यासारखं दुसरं माणूस पहिल्यांदा भेटलं.

आता आम्हाला काय हवं आहे ते.

सर्वांत आधी ऐकणारी माणसं. फोनवर बसणारे कार्यकर्ते कमी पडतात आणि जे आहेत ते थकतात. प्रशिक्षण आम्ही देऊ. तुम्ही स्वतः यांपैकी कुणी असायलाच हवं असं नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ नेमाने देता यायला हवी, आणि काही वाक्यं तोंडातून न काढण्याची तयारी हवी. 'अजून योग्य माणूस भेटला नसेल', 'वय वाढलं की कळेल', 'लग्न झालं की सगळं ठीक होतं' ही ती वाक्यं. ती वाईट हेतूने म्हटली जात नाहीत हे आम्हाला कळतं. पण फोन करणाऱ्याने ती आधीच इतक्यांदा ऐकलेली असतात की आपण तेच म्हटलं तर तो पुन्हा फोन करत नाही. पुरावा मागायचा नाही, हेही प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. मला खात्री नाही, असं म्हणणाऱ्यालाही आपला तेवढाच वेळ द्यायचा.

दुसरी गरज डॉक्टरांची, त्यातही बालरोगतज्ज्ञ आणि हार्मोनतज्ज्ञांची. इंटरसेक्स बाळाचे आईवडील आमच्याकडे येतात तेव्हा घाबरलेले असतात, आणि शस्त्रक्रिया लवकर उरकून टाका असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. काही बाबतींत खरोखर घाई लागते: जन्मजात अधिवृक्क ग्रंथींच्या एका विकारात शरीरातलं मीठ झपाट्याने कमी होतं आणि वेळेवर औषध न मिळाल्यास बाळ दगावू शकतं. पण केवळ बाळाचं शरीर 'मुलासारखं' किंवा 'मुलीसारखं' दिसावं म्हणून केलेली शस्त्रक्रिया ही घाईची बाब नाही. ती थांबू शकते आणि मूल मोठं होऊन स्वतःचं मत देऊ शकतं. युरोपातल्या माल्टा या देशाने २०१५ मध्ये तसा कायदाच केला. या दोन्हींतला फरक आम्ही कार्यकर्ते आईवडिलांना समजावू शकत नाही आणि आम्ही समजावूही नये. ते काम डॉक्टरांचंच. महिन्यातून दोन-तीन फोन घेऊ शकणारे डॉक्टर मिळाले तरी खूप झालं.

बैठकीसाठी जागा हवी आहे. मोठी नको. दारावर पाटी नसावी आणि आत जाताना कुणाच्या नजरेत न येता जाता यावं, एवढंच. जागा बदलावी लागली की येणारे काही जण परत येतच नाहीत, त्यामुळे निदान वर्षभर मिळाली तर बरं.

माहितीच्या मराठी पुस्तिका आमच्याकडे कच्च्या स्वरूपात तयार आहेत. त्या बोजड झाल्या आहेत, हे आम्हीच कबूल करतो. सोपं मराठी लिहिणारे संपादक आणि त्याचं ध्वनिमुद्रण करू शकणारे आवाज हवे आहेत. घरात पुस्तिका ठेवता न येणारे लोक इयरफोन लावून ऐकू शकतात.

आणि अर्थातच पैसे. सगळ्यांत मोठा खर्च समुपदेशकांच्या मानधनाचा आहे, कारण ज्यांना फी परवडत नाही त्यांची फी गट भरतो. त्यानंतर फोन, छपाई आणि जागेचं भाडं. झेंडे, बिल्ले, मिरवणुकीतले फलक यांवर या निधीतून खर्च होणार नाही. नॉन-बायनरी, म्हणजे केवळ बाई किंवा केवळ पुरुष या दोन रकान्यांत न बसणाऱ्या, लोकांचा पिवळा-पांढरा-जांभळा-काळा झेंडा आम्हालाही आवडतो, पण तो आम्ही आपापल्या खिशातून आणू. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दिलीत तर आम्हाला समुपदेशकांना पुढचा शब्द देता येतो. हिशोब दर सहा महिन्यांनी देणगीदारांना पाठवू. मात्र कुणाला मदत झाली हे नावानिशी विचारणारी देणगी आम्ही घेत नाही, ती कितीही मोठी असली तरी.

मदत करायची असेल, तर हे आवाहन ज्यांच्याकडून तुमच्यापर्यंत आलं त्यांनाच कळवा, निरोप आमच्यापर्यंत पोचेल. वेळ, जागा, वैद्यकीय सल्ला, लेखन की पैसे, एवढं सांगितलं तरी पुरे. पहिल्या निरोपात स्वतःचं खरं नाव दिलं नाही तरी चालेल. देणगीची पावती मिळेल, पण देणगीदारांची यादी आम्ही कुठेही छापत नाही. फोनसाठीचं पुढचं प्रशिक्षण पुरेशी नावं आली की लगेच सुरू करू.

आपले,
मदतगटाचे कार्यकर्ते