'अभिज्ञा' लिहा, 'अभिग्या' नको

महोदय,

मालिकांतील नायक-नायिकांच्या नावांचे तुकडे सांधून चाहते जी जोडनावे तयार करतात, त्यांना 'भाषेची मोडतोड' ठरवणारे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचले. त्याच अंकाच्या मनोरंजन पुरवणीत 'कुमकुम भाग्य' या मालिकेतील अभि आणि प्रज्ञा यांच्या जोडीचे नाव 'अभिग्या' असे छापले होते. माध्यमिक शाळेत २६ वर्षे मराठीचे व्याकरण शिकवल्याचा परिणाम असेल, पण त्या पत्रापेक्षा मला ही छपाईच अधिक खटकली.

चाहत्यांनी हे नाव रोमन लिपीत घडवले आणि त्यांच्या कानात 'ज्ञ'चा हिंदी उच्चार होता. आपल्या उपसंपादकांनी ती रोमन अक्षरे जशीच्या तशी देवनागरीत उतरवली. मूळ नावेच देवनागरीत मांडून पाहिली असती, तर 'अभि' आणि 'प्रज्ञा' यांतून 'अभिज्ञा' हा शब्द आपोआप हाती आला असता, आणि 'अभिज्ञा' म्हणजे ओळखणे, जाणणे हा संस्कृतातला सिद्ध शब्द आहे. 'प्र' हा उपसर्ग आहे आणि 'अभि' हाही उपसर्गच. म्हणजे नायिकेच्या नावातील एक उपसर्ग उठला, त्या जागी नायक येऊन बसला आणि 'ज्ञा' धातू जागचा हलला नाही. ज्या चाहत्याने हे नाव पहिल्यांदा लिहिले, त्याच्या मनात यातले काही असेल असे मी म्हणत नाही. पण याला मोडतोड म्हणवत नाही.

हा एकच योगायोग नव्हे. 'इस प्यार को क्या नाम दूँ?' ही मालिका २०११ साली सुरू झाली, तेव्हा अर्णव आणि खुशी यांची 'अर्शी' झाली. अर्णवमधला 'ण'वरचा रफार तेथून उतरून खुशीच्या 'शी'वर चढला, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या एका मालिकेतील मान आणि गीत या जोडीचे 'मानीत' झाले, तेव्हा 'ग' गळाला, पण त्याची वेलांटी 'न'ने उचलली. ते रूप आपल्याकडे जुन्या गद्यात 'मानीत असत' असे नित्य भेटते, हा गमतीचा भाग. कार्तिक आणि नायरा यांच्या 'कायरा'त 'ना' जाऊन 'का' आला, म्हणजे नकार गेला आणि प्रश्न उरला! प्रत्येक ठिकाणी सांधा तिथेच पडला आहे, जिथे तो कानाला जाणवणार नाही. वाटेल तिथे तोडून वाटेल तिथे चिकटवलेली नावे चाहतेही टिकू देत नाहीत.

ही रीत येथे जन्मली नाही, हे त्या पत्रलेखकांचे म्हणणे मात्र खरे आहे. १९७०च्या दशकात 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेचे अमेरिकी चाहते आपल्या हौशी नियतकालिकांत कर्क आणि स्पॉक या दोघांच्या आद्याक्षरांमध्ये तिरकी रेघ मारून त्यांच्या प्रेमकथा ओळखत, आणि पुढे त्या लेखनप्रकारालाच त्या रेघेवरून 'स्लॅश' हे नाव पडले. १९९०च्या दशकात 'द एक्स-फाइल्स'मधील मल्डर आणि स्कली यांनी एकत्र यावे असे वाटणारे स्वतःला 'रिलेशनशिपर' म्हणवू लागले. त्या लांबलचक शब्दाचे शेपूट तेवढे शिल्लक राहून 'शिपर' (जोडी जमावी असे वाटणारा चाहता) आणि 'शिप' (ती जोडी) हे शब्द रूढ झाले. जहाजाशी त्यांचा काही संबंध नाही. रेघ मागे पडून एकसंध नावे फोफावली, त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: हॅशटॅगमध्ये तिरकी रेघ किंवा जोडरेघ चालत नाही, त्यामुळे दोघांसाठी एकच शब्द लागतो. शिवाय त्या शब्दावरून माणसाचा पक्षही कळतो. 'द व्हँपायर डायरीज'मध्ये एलेनाचे मन स्टीफन आणि डेमन या दोन भावांमध्ये अडकलेले असल्याने 'स्टेलेना' आणि 'डेलेना' असे दोन तट पडले होते. 'लेना' दोघांकडे सारखीच, भांडण फक्त पहिल्या अक्षराचे.

कोणाचे नाव आधी, हा प्रश्न तर आपल्याला मुळीच नवा नाही. द्वंद्व समासात ज्या पदात स्वर कमी ते आधी यावे, असे पाणिनीने 'अल्पाच्तरम्' या सूत्रात सांगितले. अधिक पूज्य ते आधी, अशी पुस्ती वार्तिककाराने, म्हणजे त्या सूत्रांवर पूरक टिपा लिहिणाऱ्याने, जोडली. राधाकृष्ण, लक्ष्मीनारायण, उमामहेश्वर ही जोडनावे आपण रोज घेतो. फरक एवढाच की समासात दोन्ही पदे बहुधा अखंड राहतात आणि 'अर्शी'त दोन्हींना कात्री लागते. पण कात्रीचेच दुःख असेल, तर एकशेषाचे, म्हणजे दोन पदांपैकी एकच उरते त्या समासाचे, काय करायचे? संस्कृतात माता आणि पिता या दोघांसाठी मिळून 'पितरौ' म्हणतात; त्यात मातेचे एक अक्षरही उरत नाही. त्या मानाने खुशीची 'शी' तरी शाबूत आहे.

विराट आणि अनुष्का यांच्या विवाहाच्या वेळी, २०१७ साली, मराठी वृत्तपत्रांनी 'विरुष्का' हा शब्द मथळ्यांत मनसोक्त वापरला. तेव्हा मोडतोडीची तक्रार माझ्या तरी वाचनात आली नाही. खरे तर संकोच तेथे वाटायला हवा होता, कारण ती हाडामांसाची माणसे आहेत आणि त्यांना आपले नाव असे कापून घ्यायचे आहे का, हे कोणी विचारले नव्हते. कथेतल्या पात्रांची तशी काही हरकत असण्याचा संभव नाही.

तेव्हा विनंती इतकीच की, पुरवणीत अशी नावे छापताना रोमन रूपावरून लिप्यंतर न करता मूळ दोन नावे देवनागरीत शेजारी मांडावीत आणि सांधा तेथे शोधावा; नाव पहिल्यांदा येईल तेव्हा कोणत्या दोघांचे ते आहे, हेही अर्ध्या वाक्यात सांगावे. मला 'अभिग्या' म्हणजे कोण, हे नातीला विचारावे लागले, आणि 'ज्ञ' कसा लिहितात हे मग तिला सांगावे लागले.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा