एक कुपी, चार खुराडी

मा. संपादक,
सत्तरी-डिचोलीत नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांना सांभाळून घेणाऱ्या शेजाऱ्यांचे जाहीर आभार. राणीखेत (मानमोडी) रोगावरच्या लासोटा लसीची कुपी शंभर डोसांची, पिल्ले मात्र वीस-पंचवीस. विरघळवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाड्यावरची चार घरे एकाच दिवशी पिल्ले आणतात. सातव्या सकाळी बर्फाचा थर्मास घरोघर फिरतो, प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. गिरणीवाले भाताचे तूस देतात. ते खुराड्यात जमिनीवर दोन-तीन इंच पसरावे. पावसात त्याचे ओले गोळे झाले की डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो, मागोमाग रक्ती हगवण. तेवढा भाग लगेच बदलावा. फक्त एक विनंती: मदतीला येताना आपल्या खुराड्यातल्या चपला बाहेरच ठेवा. रोग चपलांसोबतही येतो.

– काही नवे कुक्कुटपालक, डिचोली