मुक्ताच्या बापाला

परभणी, १२ जुलै

प्रिय सुधाकर,

मुक्ताचं वैमानिकाचं प्रशिक्षण सुरू झालं हे वाचून फार बरं वाटलं. पण लेका, सगळ्या पत्रात तू इंजिनाचंच विचारायलास. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, इंजिनातलं मला काय कळतं? तिथं खुर्चीत बसणाऱ्या माणसाबद्दल मात्र चार गोष्टी सांगू शकतो.

औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरचा अपघात तू काढलास. २६ एप्रिल १९९३, धावपट्टीपलीकडच्या बीड रोडवरून कापसाच्या गाठींचा ट्रक जात होता, उडणाऱ्या विमानाचं चाक त्याला लागलं, ५५ माणसं गेली. आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात तो ट्रकच राहिलाय. रस्त्यावरची वाहतूक रोखली नव्हती, हे चौकशीत निघालंच. पण वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा उचललं आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हेही त्याच चौकशीत आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता माझ्या खात्यातलं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. पाण्यानं भरलेली घागर गरकन फिरवली तर आतलं पाणी आधी मागं राहतं आणि फिरवतच राहिलं की घागरीबरोबर फिरायला लागतं. कानात तेच होतं. विमान एका बाजूला वळतच राहिलं तर वीसेक सेकंदांत तो द्रव वेग धरतो आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललोय. मग खरोखर सरळ केलं की उलट्या बाजूला वळल्यासारखं वाटतं. दिवसा क्षितिज दिसतं, म्हणून निभावतं. ढगात किंवा रात्री समुद्रावर डोळ्यांना काहीच धरायला नसतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं वीस जणांवर प्रयोग केला. विमान उडवता येत होतं, पण नुसत्या यंत्रांवर उडवायचा सराव नव्हता, अशी ही माणसं. बाहेरचं दिसेनासं केल्यावर सगळ्यांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

आणि सराव असलेल्याचं काय? १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत समुद्रात गेलं, २१३ माणसं. मुख्य वैमानिकाचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. त्यानं त्यावरच विश्वास ठेवला, आणि बाहेर काळोख. शरीरानं काही इशारा दिला असता तर कामी आला असता, पण असल्या वेळी शरीर काही सांगतच नाही, आणि सांगितलंच तर खोटं सांगतं. म्हणून यंत्रं एकमेकांशी ताडून बघायची सवय लावतात. मुक्ताला ती लागेल.

झोपेची काळजी मला जास्त वाटते. २२ मे २०१० ला मंगळुरूला विमान अपघातात १५८ माणसं गेली. त्या उड्डाणातला बराच वेळ मुख्य वैमानिक झोपेत होता, घोरण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आला. जाग आल्यावर मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही, हे तू-मी रात्रपाळीत अनुभवलंय. खाली उतरताना विमान फार उंच होतं. सहवैमानिक 'पुन्हा वर घेऊ' असं सांगत होता, तरी उतरवलंच. मोठ्यांपुढं उलटून बोलू नये असं आपण लेकरांना शिकवतो ना, तेवढं एक मुक्तानं विसरावं. सलग सतरा तास जागलेल्याची चलाखी थोडी दारू प्यालेल्याइतकी मंदावते. उड्डाणाआधी दारूसाठी श्वास तपासतात, झोपेला मात्र तसलं यंत्र नाही. ती किती झोपली हे तिनंच सांगायचं, आणि खरं सांगायचं.

इथं तुझा संबंध येतो. रागवू नको. शिवार विकून फी भरलीस, हे तिला माहीत आहे. वरून तू दर रविवारी फोनवर 'किती तास उडालीस?' विचारतोस, हे वहिनींनी आमच्या हिला सांगितलं. उड्डाणाचे तास भरल्याशिवाय परवाना नाही, हे खरंय. पण ज्या दिवशी तिला सर्दी असेल त्या दिवशी 'आज मी जात नाही' हे तिच्या तोंडून निघायचं कसं? विमान वर जाताना कानातली हवा सहज बाहेर पडते, उतरताना मात्र नाकामागून कानात जाणाऱ्या सुजलेल्या नळीतून आत शिरत नाही. ठणका लागतो, पडदा फाटू शकतो, कधी गरगरतं, तेही नेमकं उतरायच्या वेळी. मेडिकलवर मिळणाऱ्या सर्दीच्या गोळीनं नाक मोकळं होईल, पण तिनं पेंग येते, आणि पेंगत विमान चालवणं सर्दीपेक्षा वाईट. मनाचंही तसंच. २०१५ साली आल्प्समध्ये सहवैमानिकानं विमान मुद्दाम डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली. डॉक्टरनं कामावर न जाण्याची चिठ्ठी दिली होती, ती त्यानं लपवली होती. तो टोकाचा प्रकार, मुक्ताचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण परवाना जाईल या भीतीनं उदासी, अपुरी झोप, चक्कर दडवणारे वैमानिक जगभर आहेत, आणि घरचं कर्ज त्या भीतीला खतपाणी घालतं.

तेव्हा रविवारी तासांचं विचारू नकोस. झोप झाली का, जेवलीस का, कुणाशी भांडण नाही ना, एवढंच विचार. आणि एखादं उड्डाण सोडलं म्हणाली तर 'बरं केलंस' म्हण, पुढं पैशाचा 'प' सुद्धा काढू नको. वहिनींनाही शेंगदाण्याच्या चटणीसोबत गोळ्यांची पुडी पाठवू नका म्हणावं. औषध कुठलंही असो, आधी तिच्या वैमानिक-तपासणीच्या डॉक्टरला विचारायचं. मी कितीही जवळचा असलो तरी त्या बाबतीत माझा शब्द चालत नाही. दिवाळीत आली की परभणीला पाठव, कान बघतो, फी घेणार नाही. हुरड्याला तू येणार आहेसच.

तुझा,
दत्ता