तळ्याच्या इंजिनियर ताईंना

ताई,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. बदली झाल्याचं कळून भेटायला आलो, तोवर तुमचं टेबल रिकामं झालं होतं. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय.

आमच्या तळ्याचं सुशोभीकरण याआधीही झालं होतं. काठाला सिमेंटची भिंत, पेव्हर ब्लॉक, आणि गोड्या पाण्यात डॉल्फिनचं कारंजं! कारंजं पहिल्याच पावसाळ्यात बंद पडलं. उद्‌घाटकांच्या नावांची पाटी तेवढी अजून चकचकीत आहे. डोंगराकडून येणारा पाट बागेखाली बुजवला, गटाराला मात्र तळ्यात मोकळी वाट. मग जलपर्णी माजणार नाही तर काय? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला कोकणचा मुलूख, आणि एप्रिलात तळं खडखडीत.

तुम्ही आलात तेव्हा आणखी एक साहेब, एवढंच वाटलं होतं. नकाशा गुंडाळून तुम्ही पायरीवर बसलात, चपला बाजूला काढून, आमच्या आबांच्या शेजारी. म्हणालात, "आबांनू, मे महिन्यात पाणी सगळ्यात शेवटी खंय रवायचां?"

आबा जरा वेळ तुमच्याकडे बघतच राहिले. या तळ्याबद्दल त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. मग काठीने दाखवलं, "त्या पिंपळासमोर गो बाय. थंय झरो आसा." तुम्ही लगेच उठून तिथे चुन्याची खूण केलीत आणि पोकलेनवाल्याला बजावलंत, इथला गाळ फावड्यानेच काढायचा.

गाळउपसा, टेंडर, बिलं यातलं मला फार कळत नाही. पण आपला जांभा दगड पावसात पाणी पितो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांतून सोडत राहतो, काठ आणि तळ सिमेंटने लिंपला की ती वाट बंद, हे तुम्ही पोरांना समजावताना मीही ऐकलं. भिंत फोडून जांभ्याच्या पायऱ्या पुन्हा रचल्यात, पाट मोकळा केलात, गणपती विसर्जनाला वेगळं कुंड दिलंत. बाग ठेवलीत, पण पाण्यापासून मागे सरकवून.

१५३० सालचं धामापूरचं तळं आजही शेतांना पाणी देतं. २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. सावंतवाडीचं मोती तळं १८७४चं. ही तळी बांधणाऱ्यांनीही आधी गावातल्या जाणत्यांना विचारलं असेल, असं मला आपलं वाटतं. हुशारी पुस्तकातून येते हो, पण म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घ्यायची रीत घरातून यावी लागते. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

यंदा मे अखेर पिंपळासमोर गुडघाभर पाणी होतं. आबा भेटेल त्याला तेच सांगत सुटलेत, "त्या बायेन माका इचारल्यान!"

आता पाटाच्या तोंडाशी पार्किंग करायची टूम निघाली आहे. तुमच्या नकाशाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. नवीन साहेब आले की आबांनाच घेऊन जातो.

चतुर्थीला या. मुक्कामालाच या.

आपला,
तळ्याकाठचा एक रहिवासी